खाडीच्या अल्याड-पल्याड

मुंबई परिसरातल्या पक्ष्यांची पद्धतशीर यादी सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३० च्या दशकात केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे आपल्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये ती क्रमशः छापून आली. अभ्यासाचा मुलूख होता मुंबई आणि साष्टी. साष्टी बेटाची पूर्वेकडची कड म्हणजे ठाणे. त्यामुळे येऊरचं जंगल त्या हद्दीत येतं, ठाण्याचे तलाव येतात, खाडीचा अलीकडचा काठ येतो. खाडी ओलांडून कळव्याला पाऊल ठेवलं की हद्द संपते. मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण हा सगळा पट्टा त्या नकाशाबाहेर.

यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. अभ्यासाला कुठेतरी सीमा आखावीच लागते, आणि बेटाचा किनारा ही आयती सीमा. पण तिचा परिणाम अजून टिकून आहे. मुंबईकर पक्षिनिरीक्षकाला येऊर ठाऊक असतं, ऐरोलीची खाडी ठाऊक असते. उंबार्ली म्हटलं की तो विचारतो, ‘हे कुठे आलं?’ आणि गंमत म्हणजे ही टेकडी ज्याच्या उशाशी आहे तो डोंबिवलीकरही अनेकदा तेच विचारतो.

या विषयाच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाचं स्वागत करताना म्हणूनच एक गोष्ट आधी सांगतो. ‘पक्षी बघायला चांगली जागा कोणती?’ हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. मात्र चांगली जागा नुसती पक्ष्यांमुळे होत नाही. तिथे कोणी वारंवार गेलं, काय दिसलं ते तारीख, वेळ आणि नेमकं ठिकाण घालून लिहिलं, म्हणजे ती होते. साष्टीला असे लिहिणारे नव्वद वर्षांपूर्वी भेटले. खाडीपल्याडच्या मुलुखाला ते आत्ता कुठे भेटू लागलेत.

नेमकं ठिकाण लिहिण्याचा एवढा आग्रह का, ते रानपिंगळ्याच्या गोष्टीतून नीट कळतं. हा छोटासा घुबडवर्गी पक्षी १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता. संग्रहालयांतल्या मोजक्या कातड्यांवरूनच तो माहीत होता. त्यातल्या एका कातड्यावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती : १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. लोक तिथे शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेच्या लक्षात आलं की चिठ्ठीच खोटी आहे. दुसऱ्याने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला नमुना चोरून, त्याला नवं ठिकाण आणि नवी तारीख चिकटवली होती. तिने आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी. बरं, गोष्ट तिथेही थांबत नाही. २०१४ मध्ये हाच रानपिंगळा आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात आढळला. आसनगाव-कसाऱ्याच्या लोकलने रोज हजारो माणसं ज्या जंगलाच्या शेजारून जातात, तिथे. एका खोट्या चिठ्ठीने शोध किती भरकटवला आणि हाताशी असलेलं रान किती काळ न पाहिलेलं राहिलं, हे दोन्ही धडे आपल्या कामाचे आहेत.

आता भूगोल. या भागात एवढे पक्षी का, याचं उत्तर बहुतांशी उल्हास नदीत आहे. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीतून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते, काळू-भातसाचं पाणी पोटात घेते आणि तिथून खाडी होऊन जाते. डोंबिवलीच्या पश्चिमेला ती वळण घेते, ठाण्याच्या उत्तरेला फुटते. मोठा प्रवाह घोडबंदरच्या अंगाने वसईकडे समुद्राला मिळतो, बारीक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या टापूत डोंगरउतारावरचं पानगळीचं जंगल, नदीकाठ, भातखाचरं, गवताळ टेकड्या, गोड्या पाण्याचे तलाव, तिवरांचं रान आणि भरती-ओहोटीचा चिखल, एवढे निरनिराळे अधिवास लागोपाठ येतात. सकाळी सर्पगरुड आणि संध्याकाळी कुरव बघायचे असतील तर इथे रेल्वेचा पास पुरतो.

यातला सगळ्यात श्रीमंत भाग अर्थातच ठाण्याची खाडी. सव्वीसेक किलोमीटर लांबीच्या या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडी जास्त तिवरं आणि बाकीचं पाणी-चिखल. २०२२ मध्ये खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला. फ्लेमिंगो, ज्यांना मराठीत रोहित किंवा अग्निपंखही म्हणतात, ते कच्छच्या रणात वीण आटोपून साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत मुक्काम करतात. भर हंगामात त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याचं बीएनएचएसच्या गणनेत दिसलं आहे. २०२२ मध्ये संस्थेने सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहावरून माग काढता येणारी यंत्रं बसवली. त्यातल्या एकाचं नाव हुमायून ठेवलं होतं. हुमायून गुजरातेत जाऊन पोचला, तेव्हा गुजरात ते ठाणे हा आजवर तर्काने सांगितला जाणारा प्रवास नकाशावर रेघेने काढता आला.

खाडीत दोन जातींचे रोहित असतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक. छोटा रोहित बुटका, गडद, चोच जवळजवळ किरमिजी-काळी. थव्यांत छोट्यांचाच भरणा. खाताना बघावेत : मान खाली घालून चोच उलटी करतात, वरचा जबडा चिखलाकडे आणि खालचा आकाशाकडे. जीभ दट्ट्यासारखी सारखी मागेपुढे हलते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर टाकलं जातं. जे अडकतं ते अन्न. छोट्याची झालर इतकी दाट की डोळ्यांना न दिसणारं नील-हरित शैवाल त्यात अडकतं. मोठ्याची झालर विरळ, त्याला झिंगे, कृमी, शिंपल्यातले जीव लागतात. एकाच चिखलावर दोघं शेजारी चरतात आणि फारशी स्पर्धा होत नाही, ती यामुळे.

आता जरा अवघड प्रश्न. या शैवालाला खतपाणी कोण घालतं? शहरांतून खाडीत येणारं सांडपाणी हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी निर्मळ झाली असं जे भाषणांतून ऐकू येतं, त्यावर विश्वास ठेवू नये. उलट, प्रदूषण आहे म्हणून पक्षी आहेत असंही सरसकट म्हणता येत नाही, कारण त्याच सांडपाण्याबरोबर येणारे जड धातू आणि रसायनं कधी काय करतील ते सांगता येत नाही. अभ्यासकाला इथे काम आहे आणि ते पुष्कळ वर्षं पुरेल.

खाडीवर जायचं तर घड्याळाच्या आधी तिथी बघावी. आपल्या कोळीबांधवांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बारा वाजत येतात. खाडीच्या वरच्या अंगाला पाणी थोडं उशिरा चढतं. छापील कोष्टक अधिक काटेकोर, पण हा हिशेब डोक्यात राहतो. ओहोटीला चिखल अर्धा किलोमीटर उघडा पडतो आणि पक्षी दुर्बिणीतही ठिपक्याएवढे दिसतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी पायरी-पायरीने काठाकडे ढकलले जातात. म्हणून सकाळी बघायचे असतील तर त्रयोदशीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंतचे दिवस बरे. भरतीच्या आधीच्या दोन तासांत रोहितांबरोबर शेकाटे, उचाटे, मालगुजे, तुतवार, कुरल अशी सगळी चिखलपाखरं नजरेच्या टप्प्यात येतात. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं माहिती केंद्र आहे, तिथून बोटीनेही जाता येतं. नवख्याला मी बोटीपेक्षा काठावर बसायला सांगेन. बोटीतून फोटो चांगले येतात, वागणूक काठावरून चांगली दिसते.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं दार. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानाचा निम्म्याहून मोठा भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. उद्यान म्हटलं की बोरिवलीच डोळ्यांसमोर येते. पाटोणपाडा, जांभूळपाडा या आदिवासी पाड्यांच्या आसपासच्या पायवाटा पक्ष्यांसाठी उत्तम, मात्र जंगलात शिरताना वनखात्याचे नियम आणि वेळा पाळायच्या. पाड्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेतलं तर दुप्पट पक्षी दिसतात. कोणत्या उंबराला फळ धरलंय हे त्याला आधीच माहीत असतं.

आणि येऊरमध्ये झाडांवरूनच पक्ष्यांचा पत्ता लागतो. जानेवारीच्या अखेरीपासून काटेसावर, मग पांगारा, पळस फुलतात. फुललेल्या सावरीखाली तासभर बसलं तर भृंगराज, कोतवाल, हळद्या, पर्णपक्षी, शिंजीर आणि भोरड्यांचे थवे अशी हजेरी लागते, वर सतत भांडाभांडी. उंबर-वड-पिंपळ फळले की तांबट आणि हरियाल. हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण किती जणांनी पाहिलाय? हिरवट-पिवळा रंग पानांत इतका मिसळतो की फळ खाली पडल्याचा आवाज येतो आणि वर काहीच दिसत नाही. एकाच फांदीवर नजर रोखून थांबायचं. मग पिवळे पाय दिसतात, खांद्यावरचा जांभळट डाग दिसतो, आणि तो एक दिसला की त्याच फांदीवर आणखी सात-आठ असल्याचं लक्षात येतं. हिवाळ्यात इथे मिश्र थवेही भेटतात. चष्मेवाला, निखार, नाचण, वटवटे आणि मागून कोतवाल अशी पंगत झाडाझाडांतून पुढे सरकत जाते. पाच मिनिटं धांदल, मग सामसूम. मेअखेर ते जून हा नवरंगाचा काळ. पावसाची चाहूल लागली की त्याची दोन सुरांची शीळ जमिनीलगतच्या झुडपांतून येऊ लागते.

येऊरचं दुखणंही सांगायला हवं. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पार्ट्या, ध्वनिक्षेपक आणि प्रखर दिवे यांविरुद्ध ठाणेकर वर्षानुवर्षं तक्रारी करतायत. घुबडं आणि रातवे आवाजाच्या आधाराने जगतात, त्यांचं या गोंगाटात काय होतं याचा हिशेब कोणी मांडलेला मला माहीत नाही.

ठाण्याच्या तलावांबद्दल फार लिहिण्यासारखं उरलेलं नाही, याचं वाईट वाटतं. मासुंदा, उपवन, कचराळी, आंबेघोसाळे ही नावं मोठी, पण सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सिमेंटची भिंत, मध्ये कारंजं आणि भोवती दिव्यांच्या माळा आल्या की पाणकोंबडीला घरट्यासाठी लव्हाळं कुठून मिळणार? वंचक ऊर्फ ढोकरी, पाणकावळे, खंड्या एवढं अजून दिसतं. नवशिक्याच्या पहिल्या महिन्याला तेही पुरे, आणि उपवनला येऊरचा डोंगर पाठीशी असल्याने घार-शिक्रे वर फिरताना दिसतात.

खाडी ओलांडली की संरक्षित क्षेत्राची पाटी दिसत नाही. डोंबिवली-कल्याणच्या बहुतेक चांगल्या जागा सरकारी कागदावर पडीक किंवा बिनशेती, आणि बिल्डरच्या नकाशावर पुढचा टप्पा. उंबार्लीची टेकडी, भोपरची टेकडी, पडलेगावाकडची गवताळ राने आणि पाणथळी, निळजे तलाव, पश्चिमेला मोठागावचं रेतीबंदर, कल्याणला गांधारी पुलाचा परिसर आणि दुर्गाडीखालची खाडी. पूर्वेला थोडं लांब गेलं तर मलंगगडाच्या पायथ्याची जंगलं, अंबरनाथचं चिखलोली धरण, बदलापूरकडे बारवी आणि कोंडेश्वर.

उंबार्लीसारख्या टेकडीला बाहेरचा माणूस ओसाड म्हणतो. खुरट्या झुडपांची, पिवळ्या गवताची, मध्येच उघड्या कातळाची. नेमक्या अशाच जागी चंडोल, तित्तीर, लाव्हे, खाटीक, गप्पीदास, मुनिया असतात, आणि हिवाळ्यात त्यांच्यावर नजर ठेवणारे कापशी आणि भोवत्ये. घनदाट जंगल लावलं की पक्षी वाढतात हा समज गैर आहे. गवताळ रानात पावसाळी मोहिमा काढून, खड्डे खणून झाडं लावली तर चंडोलाचं घर जातं आणि जंगलातला पक्षी काही लगेच येत नाही. देशभरातल्या सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात, ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के जाती घटत असल्याचं दिसलं. मोकळ्या रानात राहणाऱ्या पक्ष्यांची त्यात विशेष पीछेहाट आहे. डोंबिवलीच्या टेकड्यांवर लागणारे उन्हाळ्यातले वणवे विझवणं जितकं गरजेचं, तितकंच वृक्षारोपणाचा उत्साह जागा पाहून आवरणंही.

रेतीबंदरचा अनुभव वेगळा. हिवाळ्यात तपकिरी आणि काळ्या डोक्यांचे कुरव इथे उतरतात. ही त्यांची डोकी आपल्याकडे बहुतेक वेळ पांढरीच असतात, रंग चढतो तो परतीच्या सुमारास मार्चच्या आसपास. लोक हौसेने त्यांना गाठ्या-शेव टाकतात. तेलातलं तळण खाऊन पक्ष्याचं भलं होत नाही, आणि खाणं आयतं मिळालं की थवा मासे सोडून माणसाच्या हाताकडे बघायला शिकतो. काठावर उभं राहून, हात रिकामे ठेवून बघितलं तरी कुरव दिसतातच. खाली चिखलावर धोबी आणि तुतवार शेपटी हलवत फिरत असतात, त्यांच्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं.

या पट्ट्याची नोंद आज प्रामुख्याने कोण ठेवतंय? नोकरदार माणसं, कॉलेजची पोरं, निवृत्त शिक्षक. रविवारी पहाटे टेकडीवर जाऊन नऊच्या आत घरी परतणारे. मोबाइलवरच्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या ॲपमुळे त्यांची यादी थेट संशोधकाच्या कामाच्या माहितीत जाऊन पडते. तिथे एक पथ्य महत्त्वाचं : जे ओळखता आलं ते सगळं लिहायचं, कावळा आणि पारवासुद्धा. किती वेळ पाहिलं, किती चाललो तेही. नुसता दुर्मीळ पक्षी लिहिला तर त्यातून कल निघत नाही. चिमण्या कमी झाल्या की नाही हे कळायला, चिमण्या होत्या तेव्हा त्या मोजलेल्या असाव्या लागतात.

साधनांबद्दल दोन शब्द. आठ गुणिले बेचाळीसची दुर्बीण, खिशात मावेल अशी वही, आणि पुस्तक. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मराठी वाचकाच्या घरी असायला हवा. त्यांच्या आणि सालिम अलींच्या वाढदिवसांची सांगड घालून राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे, आणि थंडीतले पाहुणे येऊन ठेपलेले असल्याने सुरुवातीला हा आठवडा अगदी योग्य. कॅमेरा नंतर घ्यावा. आधी कॅमेरा घेतलेला माणूस पक्ष्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं आणि घरट्याचे फोटो ठिकाणासह सगळीकडे पाठवणं, या दोन गोष्टी टाळाव्यात. विणीच्या दिवसांत घुबडाच्या ढोलीभोवती वीस जण जमले तर ती ढोली पुढच्या वर्षी रिकामी राहू शकते. मघाशी मी नेमकं ठिकाण लिहायला सांगितलं आणि आता लपवायला सांगतोय. यात विरोध नाही. नोंद वहीत आणि अभ्यासाच्या नोंदवहीत पूर्ण असावी, समाजमाध्यमावर नसली तरी चालते.

शेवटी एक मोकळी जागा दाखवतो. जून लागला की या भागातले बहुतेक निरीक्षक दुर्बिणी सुकवून कपाटात ठेवतात, त्यामुळे पावसाळ्यातल्या नोंदी विरळ. आणि तोच तर इथल्या कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा काळ. आफ्रिकेतून चातक येऊन दाखल होतो. सातभाईंच्या घरट्यांत तो अंडी घालतो. भातखाचरांच्या कडेच्या बाभळींवर आणि खजुरींवर सुगरण नरांची अर्धी विणलेली घरटी लटकू लागतात. तलावातल्या पाणवनस्पतींवर कमळपक्ष्याची मादी एका नराच्या हवाली अंडी करून दुसऱ्याकडे जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. निळज्याच्या किंवा बदलापूरकडच्या एखाद्या तलावावर जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला कोणी गेलं, किती माद्या, किती नर, किती पिल्लं तगली एवढंच लिहिलं, तर दोन पावसाळ्यांत छापण्याजोगं काहीतरी हाती येईल. छत्री, गमबूट आणि पावसात न भिजणारी वही एवढा खर्च आहे.